१३० पौंडांचं रान

१९३१ च्या ईस्टरची सुट्टी. सिडनीहून आलेल्या काही भटक्या मंडळींनी ब्लू माउंटन्सच्या कड्यांखाली, ग्रोस नदीकाठी तंबू ठोकले होते. गव्हेट्स क्रीक जिथे ग्रोसला येऊन मिळतो, त्या सपाटीवर ब्लू गम झाडांचं रान आहे. सरळसोट, गुळगुळीत, फिकट निळसर बुंधे. मान मागे टाकली तरी शेंडा नजरेत मावत नाही. ब्लॅकहीथच्या बाजूने इथे यायचं तर पेरीज लुकडाउनहून सहाशे मीटरांहून जास्त उतरावं लागतं, आणि जाताना तेवढंच चढावं लागतं. असल्या आडजागी माणूस भेटेल असं कुणाच्या मनात येत नाही. अ‍ॅलन रिग्बी आणि त्याच्या सोबत्यांना मात्र भेटला. बिलपिन गावचा क्लॅरी हंगरफोर्ड. तिथल्या ४० एकरांचा भाडेपट्टा त्याच्याकडे होता, आणि झाडं मारून अक्रोडाची बाग करायचा त्याचा बेत होता.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती घाणेरी उपटताना. आम्ही सिडनीत राहतो तिथून जवळच लेन कोव्ह नॅशनल पार्कची हद्द सुरू होते. शनिवारी सकाळी तिथे स्वयंसेवकांचा एक गट जमतो. हातमोजे, करवत, खुरपं, थर्मॉस. गटात ऐंशी कधीच ओलांडलेल्या एक बाई आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही तशी वळेना, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना आजी करून टाकलं. आजी पन्नासच्या दशकात, कचेरीत टायपिस्ट असताना, बुशवॉकर्सच्या, म्हणजे रानात पायी भटकणाऱ्यांच्या, क्लबात शिरल्या. ब्लू गमच्या सौद्यातली माणसं तेव्हा पन्नाशीच्या आसपास होती, गुडघे कुरकुरायला लागलेली आणि शेकोटीभोवती तीच ती गोष्ट सांगायला सदा तयार. आजींनी ती त्यांच्या तोंडून ऐकली, मी आजींच्या तोंडून. त्यामुळे तिच्यात मीठमसाला पडलेला आहे. उदाहरणार्थ, गोष्टीतला पाऊस दरवेळी वाढतो.

पाऊस होता हे खरं. १५ नोव्हेंबर १९३१ रोजी दोन क्लबांचे लोक हंगरफोर्डला प्रत्यक्ष त्या रानात भेटले, आणि भर पावसात बोलणी झाली. एक होता माउंटन ट्रेल्स क्लब, १९१४ मध्ये निघालेला, फक्त पुरुषांचा. दुसरा सिडनी बुश वॉकर्स, १९२७ चा, बायका आणि पुरुष दोघांचा. हंगरफोर्ड आधी १५० पौंड मागत होता, शेवटी १३० वर तुटलं. तेवढे दिले की तो पट्टा सोडणार.

आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण साल बघा. जागतिक मंदीने ऑस्ट्रेलियाला असं धरलं होतं की १९३२ मध्ये जवळजवळ तीस टक्के कामगार घरी बसले होते. क्लबातले लोक म्हणजे कारकून, शिक्षक, टायपिस्ट, नोकरी गेलेले आणि नोकरी जाईल म्हणून धास्तावलेले. त्यांनी नाचाचे कार्यक्रम ठेवले, वर्गण्या काढल्या, शिलिंग-शिलिंग गोळा केलं. तरी भागेना, तेव्हा एका भल्या गृहस्थाने ८० पौंड बिनव्याजी उसने दिले, ते नंतर हळूहळू फेडले गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये ते ४० एकर सार्वजनिक राखीव जागा म्हणून जाहीर झाले.

मला या गोष्टीत हंगरफोर्डबद्दल नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. इतक्या खोल दरीतून अक्रोडाची पोती तो वर कशी काढणार होता? शहरी भाबड्या लोकांच्या डोळ्यांतलं प्रेम बघून त्याने अक्रोडाचं पिल्लू सोडून दिलं असावं अशी मला दाट शंका आहे. आजींना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "असेल. मग काय झालं? विकायला त्याच्याकडे जंगल होतं आणि घ्यायला आमच्याकडे माणसं होती."

यातलं मला जास्त जवळचं वाटतं ते निराळंच. त्या ईस्टरला कुणीही रान वाचवायला घराबाहेर पडलं नव्हतं. लोक सुट्टी घालवायला गेले होते. चालायचं, नदीत डुंबायचं, बिलीत, म्हणजे कडीच्या डब्यात, चहा उकळायचा, रात्री गाणी म्हणायची. निसर्गरक्षणाच्या इतिहासात पुढे हे प्रकरण मोठ्या आदराने लिहिलं गेलं, पण त्याची सुरुवात निखळ चैनीतून आहे. जिथे मजा केली ती जागा जाणार म्हटल्यावर पोटात खड्डा पडला, आणि मग खिशात हात गेला.

खिसे मुळात रिकामे होते म्हणून तर पायी चालण्याला एवढा भर आला होता. फ्रँक पॅलिन, ज्याला सगळे पॅडी म्हणत, मूळचा इंग्लंडचा. १९३० मध्ये त्याची नोकरी गेली. दुसरी मिळेना, तेव्हा त्याने घरीच शिलाई मशीनवर हलक्या सॅक आणि तंबू शिवायला घेतले. त्याआधी लोक सैन्यातून निघालेली जडशीळ सामग्री पाठीवर वाहत. पॅडीचं सामान हलकं, म्हणून जास्त दिवसांचा शिधा नेता येई. त्याने चालण्यावर आणि मुक्कामावर एक पुस्तकही लिहिलं. आजींची पहिली सॅक पॅडीच्या दुकानातली. पहिल्या दोन पगारांतली शिल्लक तिच्यात गेली, आणि आईने तोंड फिरवलं. मुलीने कपाट भरायचं सोडून गोणी कसली विकत आणली!

क्लबांचा मूळपुरुष मात्र माइल्स डन्फी. जन्म १८९१, पेशाने वास्तुकला शिकवणारा. माउंटन ट्रेल्स क्लब काढणाऱ्या तिघांतला तो एक. आजींनी त्याला उतारवयात पाहिलं, आणि त्याच्याविषयी सांगताना अजूनही त्यांचा आवाज थोडा शाळकरी होतो. या माणसाने १९३१ मध्ये बायको मार्गारेट आणि जेमतेम दोन वर्षांचा मुलगा मायलो यांना घेऊन कनांग्राच्या रानवाटा तुडवल्या. मुलासाठी बाबागाडी होती, तिची चाकं वगैरे बदलून तिला रानात चालेलशी केली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं 'कनांग्रा एक्स्प्रेस'. जिथे चाकं चालेनात तिथे एक्स्प्रेस उचलून घ्यायची. सोबत कुत्रा, आणि आजी शपथेवर सांगतात की कुत्र्याला चामड्याचे बूट होते. मार्गारेटबाईंनी या सगळ्याबद्दल काय म्हटलं ते मात्र शेकोटीभोवतीच्या गोष्टींत येत नाही. दरी चढून गेल्यावर ओले लंगोट कुणी धुतले, हा प्रश्न मी विचारला तेव्हा गटातले दोन म्हातारे एकदम आपापल्या खुरप्याकडे बघायला लागले.

डन्फीचं खरं शस्त्र नकाशे. जिथे सरकारी नकाशात पांढरी पोकळी होती तिथे हा माणूस स्वतः चालून, दिशा मोजून, घरी येऊन रात्री जागून टाकाने रेषा काढी. डोंगरांच्या सोंडा, झरे, चढायच्या वाटा, आणि सगळीकडे त्याची ती सुबक, गोलसर अक्षरं. मग त्याच नकाशांवर त्याने राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दी आखायला घेतल्या. १९३२ पासून तो आणि त्याचे सोबती ब्लू माउंटन्सच्या मोठ्या उद्यानाचा प्रस्ताव सरकारदरबारी लावून बसले. १९३४ मध्ये तिथल्याच कटूम्बा गावच्या वर्तमानपत्राने त्यावर अख्खी पुरवणी छापली. उद्यान जाहीर झालं १९५९ मध्ये. नोकरी करून, पदरचे पैसे घालून, सत्तावीस वर्षं! बाबागाडीतला मायलो तोवर तिशीचा झाला होता, आणि पुढे बापापेक्षा जास्त भांडखोर निघाला. कोलाँगच्या गुहांमधला चुनखडक सिमेंटसाठी काढायचा घाट घातला गेला तेव्हा मायलो आणि मंडळींनी कंपनीचे शेअर विकत घेऊन आपल्या लोकांत वाटले. वार्षिक सभेला टाय बांधलेल्या भागधारकांच्या शेजारी ट्रेकिंगचे बूट घातलेले भागधारक येऊन बसले आणि एकेक उठून प्रश्न विचारू लागले. आजी त्यातल्या एक होत्या की नाही, हे त्या हसण्यावारी नेतात.

क्लबांच्या या विखुरलेल्या धडपडीला १९५७ मध्ये एक कायमचा पत्ता मिळाला, न्यू साउथ वेल्सची नॅशनल पार्क्स असोसिएशन. तोवर राज्यात प्रत्येक उद्यानाचे विश्वस्त वेगळे, पैसा वेगळा, मर्जी वेगळी. सिडनीच्या दक्षिणेचं १८७९ चं पहिलं उद्यान घ्या, ज्याला १९५५ पासून रॉयल म्हणतात. ते मुळात शहरी लोकांना हवा खाण्यासाठी काढलेलं. तिथे शोभेला जावाकडची हरणं आणून सोडली, ती आजही झाडोरा फस्त करत फिरतात. असोसिएशनची मागणी सरळ होती. एक कायदा, एक खातं, शिकलेले रेंजर. १९६७ मध्ये तसा कायदा झाला. या संस्थेच्या लोकांचे दोन उद्योग पहिल्यापासून जोडीने चालत आले, निवेदनं लिहिणं आणि रविवारी चालायला जाणं. एकाशिवाय दुसरं टिकलं नसतं असं आजींचं मत. निवेदनं लिहिणारे लोक चालायला जात नसतील तर ते सहा महिन्यांत एकमेकांशी भांडून संपतात, म्हणे.

क्लबातल्या बायकांमध्ये आजींना भक्ती आहे ती मेरी बाइल्सवर. १९२४ मध्ये न्यू साउथ वेल्समधली पहिली स्त्री सॉलिसिटर झालेली, गिर्यारोहक, बुश वॉकर्सची खंदी सभासद. समुद्रकाठचं बूडीचं रान राखीव व्हावं म्हणून तिने पत्रांचा मारा केला आणि १९३५ मध्ये ते करून घेतलं. तिथल्या वाटा क्लबाच्या लोकांनी शनिवार-रविवारी जाऊन स्वतः खोदल्या. एकदा चहाच्या वेळी आजींनी सहज म्हटलं, "तिच्या घराचं नाव तुला नीट उच्चारता येईल. आम्ही सगळे चुकीचं म्हणायचो." घराचं नाव 'अहिंसा'.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण चेल्टनहॅम या उपनगरात रानाच्या कडेला ते घर खरोखरच उभं आहे. १९३८ मध्ये मेरी चीनमधल्या एका शिखराच्या मोहिमेवर गेली, शिखर हुकलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत बाई बुद्धाकडे वळल्या. भारतात येऊन बुद्धाच्या मागाने हिंडल्या, १९५७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, पुढे १९६३ मध्ये बुद्ध आणि गांधी यांच्यावर आणखी एक. १९७० मध्ये त्यांनी घर आणि भोवतालची जागा नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. पुण्यात वाढलेल्या मला गांधी माहीत होते ते नोटेवरचे, रस्त्यावरचे आणि भांडणातले. आमच्या घरापासून काही स्टेशनांवर, युकॅलिप्टसच्या सावलीत, कुणी वकील बाई त्यांच्या नादाने शेजारचं जंगल राखत बसल्या होत्या, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

आजींच्या गोष्टींत एक जागा मात्र रिकामी राहते, आणि ती भरून काढायला मला पुस्तकांकडे जावं लागलं. डन्फी ज्याला आदिम, अस्पर्श रान म्हणत होता तिथे माणसं राहत होती. गंडुंगरा आणि दारुग लोकांच्या कितीतरी हजार वर्षांच्या वाटा, गुहा, चित्रं. डन्फीच्या नकाशांवर त्यांचे शब्द नावं म्हणून दिमाखात बसलेत, पण ज्यांचे ते शब्द त्यांना नकाशात जागा नाही. १९५७ मध्ये, असोसिएशन निघाली त्याच वर्षी, कटूम्बाच्या 'द गली' वस्तीतल्या आदिवासी कुटुंबांची घरं मोटारशर्यतीच्या ट्रॅकसाठी पाडली गेली. गंडुंगरांचं बरागोरँगचं खोरं १९६० मध्ये वॉरागॅम्बा धरणाखाली गेलं. मी हे आजींपुढे काढलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "आम्ही झाडांची नावं पाठ केली. शेजाऱ्यांची नाही केली." गली २००२ मध्ये आदिवासींचं स्थान म्हणून अधिकृतपणे जाहीर झाली. उशीर केवढा, ते आजी स्वतःच मोजून सांगतात.

आता घाणेरीकडे येते. गेल्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले होते. मुलीकडे परदेशात आलेल्या बापाचं जे होतं तेच झालं, चौथ्या दिवशी पेपर नाही, चौकातला कट्टा नाही, म्हणून त्यांची चुळबुळ सुरू झाली. शनिवारी त्यांना गटात घेऊन गेले. त्यांनी आधी चौकशी केली, पगार किती. काही नाही. मग सक्तीचं आहे का? तेही नाही. "मग हे सगळे चांगल्या घरचे लोक सकाळी-सकाळी इथे काय करतात?" एवढ्यात त्यांचं लक्ष समोरच्या झुडपाकडे गेलं आणि त्यांनी पान चुरगाळून नाकाशी नेलं. "अगं, ही तर आपली घाणेरी!"

घाणेरीच. दक्षिण अमेरिकेतून बागेची शोभा म्हणून जगभर नेलेली, सह्याद्रीत आणि सिडनीत सारखीच माजलेली. राजगड-तोरण्याच्या वाटेवर कॅनव्हासची सॅक घेऊन तरुणपण घालवलेल्या बाबांचं तिच्याशी जुनं वैर आहे. त्यांनी बाह्या सरसावल्या, करवत घेतली आणि सगळ्यात दाट जाळीत घुसले. आजी लगबगीने धावल्या. "तिथून नाही! तिथून नाही!"

ही ब्रॅडली भगिनींची शिकवण. आयलीन आणि जोन, सिडनीच्या मोस्मन भागातल्या दोघी बहिणी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला घराजवळच्या रानात फिरायला जाता-येता त्या तण उपटत. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की जिथे सरसकट सफाई होते तिथे उघड्या मातीत दुप्पट तण येतं, आणि जिथे त्या दोघी हलक्या हाताने थोडं-थोडं काढतात तिथे मूळचं रान आपणहून परत येतं. त्यावरून त्यांनी नियम बांधले. जिथे रान चांगलं आहे तिथून सुरू करायचं आणि खराब भागाकडे सरकायचं. माती जेवढी कमी हलवता येईल तेवढी कमी हलवायची, पालापाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरायचा. आणि रान जेवढं भरून येईल त्याच वेगाने पुढे जायचं, आपल्या उत्साहाच्या वेगाने नाही. तिसरा नियम पाळणं सगळ्यात कठीण. वर आणखी असं की घाणेरीच्या जाळीत छोटे फेअरी-रेन पक्षी आसरा घेतात. जाळी एकदम गेली तर ते उघड्यावर पडतात. म्हणून तुकड्या-तुकड्याने काढायची. बाबांना हे पटायला दोन शनिवार गेले. शत्रूचा किल्ला समोर असताना कडेच्या गवतात बसून चार रोपटी उपटणं त्यांच्या स्वभावात नाही.

चहाच्या वेळी मात्र दोघांचं चांगलं जमलं. बाबांनी आजींना देवराई सांगितली. त्यांच्या आजोळी, भोरच्या बाजूला, अशी एक राई आहे. तिथून वाळकी काटकीही घरी आणायची नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात असल्या देवरायांच्या नोंदी केल्या, तेही बाबांनी सांगितलं. आजींनी विचारलं, "आणि कुणी आणलीच काटकी, तर?"

"देवी बघून घेते."

आजींनी बिस्कीट चहात बुडवलं. "आम्हाला देवी नव्हती," त्या म्हणाल्या. "म्हणून १३० पौंड मोजावे लागले."

बाबांनी ब्लू गमचं रान पाहायचा हट्टच धरला. पेरीज लुकडाउनपर्यंत गाडी नेली. पण वरून ती उतरण पाहिल्यावर त्यांच्या गुडघ्यांनी आणि माझ्या धाकाने निर्णय घेतला. खोऱ्यात खूप खाली झाडांचा एक फिकट पट्टा दिसत होता. २०१९-२० च्या वणव्यांत ब्लू माउंटन्सच्या जागतिक वारसा क्षेत्राचा जवळजवळ ८० टक्के भाग होरपळला, या खोऱ्यातही आग उतरली होती. उतरणीच्या तोंडाशी काळ्या पडलेल्या काही बुंध्यांना खालपासून वरपर्यंत पालवीचे झुबके फुटले होते. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ नकाशाशी खालचं खोरं जुळवत राहिले, मग म्हणाले, "उतरायला अडीच तास. चढायला चार. चाळिशीत असतो तर रात्रीचा मुक्कामही केला असता."

पुण्याला परत गेल्यावर त्यांनी वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आपल्या मित्रांना गाठलं, परवानगीसाठी एका कार्यालयात पाच-सहा चकरा मारल्या, आणि मग मला फोन केला. आजींना विचारून सांग, घाणेरी पावसाआधी काढायची की पावसानंतर. मी शनिवारी निरोप दिला. आजींनी उलटा प्रश्न पाठवला, आधी ते सांगा, चांगलं काय उगवतंय तिथे?

बाबांचं उत्तर रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, लांबलचक. मोई आहे, सालई आहे, दक्षिणेच्या उतारावर मेडशिंगी आहे, एका घळीत पांगारा. बाकी सगळीकडे वनीकरणातलं गिरिपुष्प. सुरुवात मेडशिंगीपासून करतोय. मंडळी नऊ जमली होती, पण अर्ध्या तासात सहा जण पोहे खायला खाली उतरले, आणि उरलेल्या दोघांना घाणेरी आणि निरगुडी यांतला फरक कळत नाही. तुझ्या आजींना सांग, मी एकटा पडलोय.

आजींनी मोबाइल हातात घेऊन माझ्याकडून सगळं वाचून घेतलं. "पोहे म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "मग ते पोहे वर टेकडीवरच न्या म्हणावं. आम्ही १९५७ पासून केक नेतोय."